कमी होत गेलेला धातू

हृदयाच्या धमनीत बसवतात त्या धातूच्या बारीक जाळीला आज घरोघरी स्टेंट म्हणतात. पण हा शब्द मुळात एका माणसाचे आडनाव आहे. चार्ल्स स्टेंट हा लंडनचा दंतवैद्य. जबड्याचा साचा घेण्यासाठी जे लुकण वापरत, त्यात त्याने १८५६च्या सुमारास सुधारणा केली. पहिल्या महायुद्धात योहानेस एसर या डच शल्यविशारदाने तेच लुकण जखमींच्या चेहऱ्यावर नवी कातडी बसवताना ती जागच्या जागी धरून ठेवायला वापरले. पुढे शरीरातल्या कोणत्याही नळीला आतून दिलेल्या टेकूला हे नाव चिकटले. ही हकिकत केवळ गंमत म्हणून सांगत नाही. साचा काय किंवा टेकू काय, काम झाले की काढायचा असतो. स्लॅब घट्ट झाला की सेंट्रिंग काढतात. ते तसेच ठेवून कोणी घरात राहायला जात नाही. हृदयातला स्टेंट मात्र एकदा बसला की निघत नाही. धमनीला टेकूची गरज असते काही महिने, आणि टेकू राहतो जन्मभर. स्टेंटचा चाळीस वर्षांचा इतिहास या एका विसंगतीशी चाललेल्या झगड्याचा आहे, असे मला वाटते. जाळी अधिकाधिक भक्कम होत गेली अशी ही कथा नाही. दर पिढीत धातू कमी करावा लागला, अशी ती आहे. आणि यापुढची मोठी सुधारणा धातूत होण्यापेक्षा तो कोणाला घालायचा आणि कोणाला नाही, या निर्णयात व्हायची आहे, हे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे.

आधी वस्तू जवळून पाहू. कोबाल्ट आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूची बारीक नळी घेऊन लेझरने तिच्यावर जाळीची नक्षी कापतात, कडा गुळगुळीत करतात, औषधाचा लेप देतात आणि घडी घातलेल्या फुग्यावर ती दाबून बसवतात. या मिटलेल्या अवस्थेत तिची जाडी एक मिलिमीटरच्या आसपास असते. मनगटातल्या नाडीतून कॅथेटर हृदयाच्या धमनीच्या तोंडाशी नेतात, त्यातून ०.०१४ इंच जाडीची तार अडथळ्यापलीकडे सरकवतात आणि त्या तारेवरून फुगा पुढे ढकलतात. जागा साधली की बाहेरच्या पिचकारीची मूठ फिरवून फुगा बारा-चौदा वातावरण दाबाने फुगवतात. मोटारीच्या टायरमध्ये हवा असते त्याच्या पाच-सहा पट हा दाब. काही सेकंदांनी फुगा रिकामा करून मागे घेतात आणि उघडलेली जाळी भिंतीत रुतून राहते. क्षणापूर्वी पडद्यावर दोऱ्याएवढी दिसणारी धमनी भरलेल्या पाटासारखी वाहू लागते. इतका झटपट आणि डोळ्यांना पटणारा परिणाम वैद्यकात फार थोड्या उपचारांच्या वाट्याला आला आहे. स्टेंटबद्दलच्या बहुतेक गैरसमजांचे मूळही याच दृश्यात आहे.

स्टेंट आला तो फुग्याने केलेली खोडी निस्तरायला. अमेरिकेत पोर्टलंडच्या चार्ल्स डॉटर यांनी १९६४ मध्ये ८२ वर्षांच्या एका बाईंच्या पायाची धमनी शस्त्रक्रियेविना उघडून पाय वाचवला होता. झुरिकच्या आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी तीच कल्पना हृदयापर्यंत नेली. सुरुवातीचे फुगे त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात बसून बनवले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी ३८ वर्षांच्या एका रुग्णाची धमनी त्यांनी फुग्याने रुंद केली, आणि दहा वर्षांनी तपासली तेव्हाही ती जागा उघडी होती. आत काहीही ठेवलेले नव्हते. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे तो लागेल. सगळेच रुग्ण इतके नशीबवान नव्हते. फुग्याने भिंत फाटते. शंभरातल्या पाच-एक जणांची धमनी तिथल्या तिथे मिटायची आणि बायपाससाठी धावाधाव व्हायची. जे त्यातून सुटत त्यांच्यातल्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याची जागा सहा महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायची. तेव्हा फाटलेली भिंत आतून धरून ठेवावी म्हणून १९८६ मध्ये फ्रान्सच्या तुलूझमध्ये झाक प्वेल आणि स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये उलरिख सिगवार्ट यांनी माणसाच्या हृदयधमनीत पहिल्या जाळ्या बसवल्या.

आणि लगेच नवे दुखणे उभे राहिले. रक्ताला धातू परका. त्यावर गुठळी धरते. १९९१ मध्ये पहिल्या १०५ रुग्णांचा जो हिशेब प्रसिद्ध झाला, त्यात जवळपास एक चतुर्थांश रुग्णांचा स्टेंट पूर्ण बंद पडलेला आढळला. तिथेच हा प्रकार संपला असता. तो वाचला दोन साध्या गोष्टींनी. मिलानच्या अंतोनिओ कोलोंबो यांनी दाखवले की जाळी अर्धवट उघडून भिंतीपासून सुटी राहते. ती जास्त दाबाने नीट बसवली, तर रुग्णाला भारी रक्तपातळ औषधांवर ठेवण्याची गरज नाही. आणि १९९८ मध्ये १,६५३ रुग्णांच्या चाचणीने सिद्ध केले की ॲस्पिरिनबरोबर प्लेटलेट रोखणारी दुसरी गोळी दिली, की गुठळीचे प्रमाण ३.६ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर येते. स्टेंट घातलेल्या प्रत्येकाच्या गोळ्यांच्या डबीत आज ज्या दोन गोळ्या असतात, त्यांची कुळकथा ही. यात कुठेही नवा धातू नाही. हत्यार तेच राहिले, हाताळणी बदलली.

गुठळीचा प्रश्न आटोक्यात आल्यावर पाळी आली मांसाची. धमनीची भिंत दुखावली गेली की ती व्रणासारखी भरून येते आणि जाळीच्या छिद्रांतून आत वाढते. साध्या स्टेंटमध्ये हे प्रमाण वीस ते तीस टक्के होते. उत्तर मिळाले ते पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटाच्या मातीत. कॅनडाच्या एका मोहिमेने १९६४-६५ मध्ये तिथून आणलेल्या नमुन्यांतल्या जिवाणूपासून माँट्रियलच्या प्रयोगशाळेत एक बुरशीनाशक द्रव्य वेगळे झाले. बेटाच्या रापा नुई या नावावरून त्याला रापामायसिन म्हटले गेले. त्याचेच दुसरे नाव सिरोलिमस. त्यामागचे शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सेहगल हे बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. ती प्रयोगशाळा चालवणाऱ्या कंपनीने काम गुंडाळले तेव्हा त्यांनी जिवाणूची बाटली घरच्या फ्रीजरमध्ये सांभाळून ठेवली. पेशींची वाढ थोपवण्याचा त्याचा गुण आधी मूत्रपिंडाच्या रोपणात आणि मग स्टेंटवर कामी आला. साव पावलोमध्ये १९९९ साली एदुआर्दो सोझा यांनी सिरोलिमसचा लेप दिलेले पहिले स्टेंट बसवले. २००२ च्या राव्हेल चाचणीत सहा महिन्यांनंतर साध्या स्टेंटच्या गटात २६.६ टक्के धमन्या पुन्हा अरुंद झाल्या होत्या, औषधाच्या गटात एकही नाही. शून्य हा आकडा वैद्यकात क्वचितच येतो, आणि आला की थोडे सावध व्हावे. सेहगल जानेवारी २००३ मध्ये वारले. त्या स्टेंटला अमेरिकेत परवानगी मिळाली त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये.

सावध होण्याचे कारण २००६ मध्ये बार्सिलोनाच्या हृदयरोग परिषदेत पुढे आले. जे औषध मांसाची अनाठायी वाढ रोखते, तेच धमनीचे हवे असलेले नाजूक अस्तरही उशिरा येऊ देते. धातू उघडा राहतो आणि वर्ष-दोन वर्षांनी, सगळे विसरलेले असताना, तिथे अचानक गुठळी धरू शकते. यावर जो इलाज निघाला तो माझ्या मुद्द्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. जर्मनीतल्या एका चाचणीने २००१ मध्येच दाखवले होते की जाळीच्या काड्या नुसत्या बारीक केल्या, बाकी काही बदलले नाही, तरी पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण २५.८ वरून १५ टक्क्यांवर येते. पहिल्या औषधी स्टेंटच्या काड्या १४० मायक्रॉनच्या होत्या, दुसऱ्या पिढीत त्या ८१ वर आल्या, आणि आज ६० मायक्रॉनचे स्टेंट सर्रास मिळतात. डोक्यावरचा केस साधारण एवढाच असतो. लेपाचे प्लॅस्टिक कमी झाले, काही स्टेंटमध्ये ते विरघळून जाते. दोन गोळ्यांची सक्ती वर्षभराची होती, ती निवडक रुग्णांत सहा, तीन, क्वचित एक महिन्यावर आली. प्रत्येक पायरीवर काहीतरी कमी केले आणि रुग्णाचा फायदा झाला.

इथे एक रास्त हरकत निघते. कमी करत जाण्यात एवढे शहाणपण असेल, तर पूर्ण विरघळणारा स्टेंट का आपटला? ॲबट कंपनीचा ॲब्सॉर्ब हा वनस्पतिजन्य लॅक्टिक आम्लाच्या प्लॅस्टिकचा टेकू तीन-एक वर्षांत नाहीसा होई. अमेरिकेत त्याला जुलै २०१६ मध्ये परवानगी मिळाली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीनेच विक्री थांबवली; त्यात गुठळ्या धातूपेक्षा जास्त होत असल्याचे तोवर दिसले होते. पण कारण पाहिले तर हरकतच उलटते. प्लॅस्टिकला धातूची ताकद नाही, म्हणून त्याच्या काड्या दीडशे मायक्रॉनच्या पुढे जाड ठेवाव्या लागल्या. उद्या नाहीसे व्हायचे म्हणून आज त्याने दुप्पट जागा अडवली. कल्पना फसली नव्हती, घाई झाली होती. मॅग्नेशियमचे विरघळणारे टेकू, काही महिन्यांनी सांधे मोकळे करून धमनीला पुन्हा धडधडू देणारी जाळी, आणि भिंतीला औषध पुसून परत बाहेर येणारा फुगा हे आजचे प्रयत्न त्याच वाटेवरचे आहेत. औषधी फुगा तर ग्रुंट्झिग यांच्या पहिल्या रुग्णाकडेच परत नेतो: काम करावे आणि मागे काही ठेवू नये. बारीक धमन्यांत आणि जुन्या स्टेंटमध्ये पुन्हा मांस वाढले असेल तिथे तो आजच उपयोगी आहे. मोठ्या धमन्यांत तो जाळीची जागा घेईल का, हे अजून ठरायचे आहे. ही खटपट हौसेची नाही. आजच्या उत्तमातल्या उत्तम स्टेंटमध्येही पहिल्या वर्षानंतर दरवर्षी सुमारे दोन टक्के रुग्णांत काही ना काही बिघडत राहते, आणि हा आकडा वर्षांगणिक थांबत नाही. सत्तरीच्या माणसाला हे चालेल. पंचेचाळिशीतल्या माणसासाठी हा हिशेब वेगळा होतो, आणि दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांहून सुमारे सहा वर्षे आधी येतो, हे २००४ च्या ५२ देशांच्या अभ्यासाने दाखवले आहे.

आता धातूकडून निर्णयाकडे. हृदयविकाराचा झटका चालू असताना धमनी उघडणे जीव वाचवते, याबद्दल वाद उरलेला नाही. २००३ मध्ये २३ चाचण्यांचा एकत्र हिशेब झाला. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनाने ९ टक्के मृत्यू, तर फुगा आणि स्टेंटने ७ टक्के. झटक्यात वेळ म्हणजे स्नायू. पण त्यातही अंतराचा विचार हवा. नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या दुर्गम पाड्यावरून तासाभरात कॅथलॅब गाठणे शक्य नसते. तिथे जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन देऊन मग पुढे पाठवणे तितकेच चांगले ठरते, हे २०१३ च्या स्ट्रीम चाचणीतून दिसले. मोठ्या शहराच्या ओढीने इंजेक्शनावाचून चार तास गाडीत घालवणे हा महागडा घोटाळा आहे.

खरा वाद आहे तो दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांबद्दल. जिना चढताना छाती भरून येते, थांबले की बरे वाटते, अँजिओग्राफीत ८० टक्के ब्लॉक निघतो. तो ब्लॉक म्हणजे टाइमबॉम्ब असे समजून स्टेंट घातला जातो. २००७ च्या करेज चाचणीत असे २,२८७ रुग्ण घेऊन निम्म्यांना औषधांबरोबर स्टेंट दिला, निम्म्यांना नुसती औषधे. साडेचार वर्षांनी मृत्यू आणि झटके दोन्हीकडे सारखे. हृदयरोगतज्ज्ञांनी हरकत घेतली की त्यातले स्टेंट जुन्या पद्धतीचे होते आणि गंभीर रुग्ण आधीच वगळले गेले होते. हरकत योग्य होती, म्हणून भारतासह ३७ देशांत ५,१७९ रुग्ण घेऊन, तपासणीत हृदयाला रक्त कमी पडते असे दिसलेलेच निवडून, आधुनिक स्टेंट आणि बायपास वापरून इस्केमिया चाचणी झाली. २०२० मध्ये तिचेही उत्तर जवळपास तेच आले. कारण शरीररचनेत आहे. झटका बहुतेकदा मोठ्या जुनाट अडथळ्यामुळे येत नाही. भिंतीतला मऊ, चरबीने भरलेला थर फुटतो आणि त्यावर गुठळी होते, आणि हा थर अनेकदा फारसा अरुंद न दिसणाऱ्या जागी असतो. अँजिओग्राफी ही पोकळीची सावली आहे, भिंतीचे चित्र नव्हे. स्टेंट दोन सेंटिमीटर दुरुस्त करतो; आजार सगळ्या धमन्यांभर पसरलेला असतो, आणि त्याच्यावर चालतात त्या स्टॅटिन, रक्तदाब-मधुमेहाचा ताबा आणि तंबाखू सोडणे या दिसायला नीरस गोष्टी.

मग स्टेंट म्हणजे निव्वळ मनाचे समाधान का? २०१७ मध्ये लंडनच्या रशा अल-लामी आणि सहकाऱ्यांनी ऑर्बिटा चाचणीत २०० रुग्ण घेतले आणि जवळजवळ अर्ध्यांवर स्टेंट न घालता फक्त सोंग केले. रुग्णालाही माहीत नाही, नंतर तपासणाऱ्यालाही नाही. चालण्याच्या क्षमतेत फरक निघाला १६.६ सेकंदांचा, जो योगायोगाने आला असेल असेही म्हणता येईल. स्टेंटविरोधकांना तेव्हा आनंदाचे भरते आले. पण त्याच गटाने २०२३ मध्ये ३०१ रुग्णांची छातीतल्या कळेवरची औषधे बंद करून प्रयोग पुन्हा केला, आणि या वेळी स्टेंटने कळ स्पष्टपणे कमी केली; अर्थात स्टेंट मिळालेल्यांतही निम्म्याहून अधिक जणांची कळ पुरती गेली नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचले की चित्र सरळ आहे. स्थिर दुखण्यात स्टेंट आयुष्य वाढवतो म्हणून घालू नये. कळ सुसह्य होत नसेल, गोळ्या पुरत नसतील किंवा सोसत नसतील, तर तो घालण्यात काहीही गैर नाही. रोजच्या जगण्यातला त्रास कमी होणे ही लहान गोष्ट नव्हे. फसवणूक होते ती त्या उपचाराला जीवदानाचे नाव देऊन विकण्यात.

ब्लॉक दिसतो आहे तर सोडून कसा द्यायचा, हा नातेवाइकांचा प्रश्न आकड्यांनी सुटत नाही, हे मान्य. पण दिसणे आणि असणे यांतला फरक मोजता येतो. अडथळ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब तारेने मोजणाऱ्या फेम चाचणीत ५० ते ७० टक्के दिसणाऱ्या अडथळ्यांपैकी जेमतेम ३५ टक्के खरोखर रक्त अडवत होते. दाब मोजून ज्यांना स्टेंट घातले त्यांना सरासरी १.९ लागले, नजरेच्या अंदाजाने घातले त्यांना २.७, आणि कमी स्टेंट मिळालेल्यांची प्रकृतीच वर्षअखेर अधिक चांगली होती. पुन्हा तेच, कमी केल्याने बरे. आणि काही जागी स्टेंट हे उत्तरच नव्हे. मधुमेह आणि अनेक धमन्यांत अडथळे असलेल्या १,९०० रुग्णांच्या फ्रीडम चाचणीत पाच वर्षांनी बायपासच्या गटात १०.९ टक्के मृत्यू होते, स्टेंटच्या गटात १६.३. मधुमेह घरटी असलेल्या आपल्या समाजात हा आकडा दवाखान्याच्या भिंतीवर लावायला हवा. छाती उघडायची भीती खरी आहे, पण मनगटावरच्या छिद्राच्या सोयीने ती टाळताना किंमत काय मोजतो, ते सांगितले गेले पाहिजे.

पैशाचा विषय टाळून या वस्तूबद्दल बोलणे खोटेपणा होईल. भारतात औषधी स्टेंटवर छापलेली किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने ती २९,६०० रुपयांवर आणि साध्या स्टेंटची ७,२६० रुपयांवर बांधली. काही ठिकाणी रुग्णालयाचा नफा ६५४ टक्क्यांपर्यंत जात असल्याचे त्याच प्राधिकरणाने प्रसिद्ध केले होते. तेव्हा म्हटले गेले की नवे संशोधन भारतात येणार नाही, दर्जा घसरेल. दोनच वर्षांनी सुरतेच्या एका कंपनीचा ६० मायक्रॉनचा स्टेंट युरोपात १,४३५ रुग्णांच्या टॅलेंट चाचणीत जगातल्या नामांकित स्टेंटच्या तोडीचा ठरला. स्वस्त म्हणजे हलका हे समीकरण तिथे मोडले. मात्र किमतीचा लगाम अर्धेच काम करतो. स्टेंटची किंमत उतरली तरी पॅकेजच्या इतर बाबींत फरक भरून काढता येतो, आणि नको असलेला स्टेंट तीस हजारांना पडला तरी तो नकोच असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांनी ज्यांना हा उपचार कधी परवडला नसता त्यांच्यापर्यंत तो नेला, ही मोठीच गोष्ट. पण स्टेंटचा खर्च योजनेतून मिळतो आणि आयुष्यभराच्या स्टॅटिनचा खिशातून, या उलट्या व्यवस्थेत घडून गेलेल्या दुरुस्तीला दाम आणि टाळलेल्या आजाराला काही नाही, असा हिशेब होतो.

भविष्याबद्दल बोलताना एक निकाल माझ्या विरुद्ध जातो, तो लपवत नाही. दक्षिण कोरियाच्या पुढाकाराने झालेल्या प्रिव्हेंट चाचणीत, २०२४ मध्ये, रक्त अडवत नसलेल्या पण फुटण्याच्या बेतात दिसणाऱ्या थरांवर १,६०६ रुग्णांपैकी निम्म्यांना आधीच स्टेंट घातले. दोन वर्षांत त्यांच्यात दुर्घटना ०.४ टक्के, नुसत्या औषधांच्या गटात ३.४. म्हणजे स्टेंट कमी नव्हे, जास्त घालावेत? मला तसे वाटत नाही. दोन्ही गटांतला फरक मुख्यतः पुढे कराव्या लागलेल्या उपचारांचा आणि छातीदुखीने भरती होण्याचा होता. डॉक्टर आणि रुग्ण या दोघांनाही कोण कुठल्या गटात हे ठाऊक होते, आणि ऑर्बिटाने अशा माहितीचे वजन दाखवून दिले आहे. तरीही धमनीच्या आतून प्रकाशाने आणि ध्वनिलहरींनी भिंत पाहणारे कॅमेरे आले आहेत, आणि सावलीऐवजी भिंत दिसू लागली की कुठला थर धोक्याचा हे ओळखणे सोपे होईल. अशा जागी जन्मभराची जाळी ठेवावी, विरघळणारी, की नुसती औषधे वाढवावीत, हा पुढच्या दहा वर्षांचा प्रश्न आहे.

हे पुस्तक हृदयरोगतज्ज्ञांसाठी नाही. अँजिओग्राफी संपते, रुग्ण अजून टेबलावर असतो, आणि कॅथलॅबच्या दाराशी घरच्यांना बोलावून पडद्यावरचे चित्र दाखवले जाते: इथे ऐंशी टक्के आहे, आत्ताच करून टाकू, संमतीपत्रावर सही करा. त्या दहा मिनिटांत विचारायचे प्रश्न मोजकेच आहेत. झटका चालू आहे का? नसेल तर दाब मोजला का? औषधे पुरेशी देऊन पाहिली का? मधुमेह आहे, तर बायपासच्या सर्जनचे मत घेतले का? आज न करता आठवड्याने केले तर काय बिघडेल? पुढची प्रकरणे त्या दाराशी उभ्या राहणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहेत.